भुईवरचं पाखरू

यशोदाबाईंना माणसं तोलायची खोड होती. शेजारच्या गोजाबाईनं वाटीभर आमटी आणून दिली, की त्या आमटीमागून काय मागणी येणार आहे, हे त्या वाटी घासायच्या आत सांगत. कोण कुणाच्या उपकाराखाली वाकलंय, कुणाची फेड राहिलीय, कोण नुसतंच गोड बोलतंय, सगळा हिशेब डोक्यात. आणि तो सहसा चुकत नसे. म्हणूनच केराबाई धनगरणीच्या बाबतीत आपण फसलो, हे पुढं त्यांच्या जिव्हारी लागलं. केराबाईनं दिलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं नेलं काय, हे मात्र काही वर्षं कळलंच नाही.

यशोदाबाई लवकर विधवा होऊन धाकट्या भावाकडं आलेल्या. भाऊ नारायण सोलापूरच्या कचेरीत कारकून, बायको प्रभा. घर भाड्याचं, सात रस्त्याच्या पलीकडं, वस्ती संपून माळ लागायचा तिथं. नारायणला शाळेपासून संस्कृताचा नाद. पहिली मुलगी झाली तेव्हा त्यानं नाव काढलं हंसा. दुसरी झाली, ती सारिका. "सारिका म्हणजे मैना," हे तो ज्याला त्याला सांगत सुटला. समोरच्यानं विचारलं नसलं तरी. नाव ठेवायचा मान आत्याचा, पण विधवेच्या तोंडून नको म्हणून दोन्ही वेळा लांबच्या नात्यातली एक आत्या बार्शीहून आणली. ती लुगडं घेऊन गेली. मुली मात्र एकापाठोपाठ एक, पुरतं रांगायच्या आत गेल्या.

डॉक्टर आतड्याचं काहीतरी म्हणाले. बायका म्हणाल्या, दिवेलागणीनंतर झबलं बाहेर वाळत राहिलं, त्यावरून पाखरू गेलं, पाखराची सावली बाळाला लागली. गोजाबाईचं आणखी वेगळं. "नावंच पाखरांची ठेवलीत, मग उडणार नाहीत तर काय? केरू, धोंडी असलं काही ठेवायचं होतं. त्याच्याकडं कुणी बघत नाही."

सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आदल्या वर्षी तिसरी मुलगी झाली. प्रभा तिला नाव ठेवू देईना. बारसं झालं नाही, पाळणा बांधला नाही. पोर दूध ओकायला लागली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकमेकांच्या नजरा चुकवायला सुरुवात केली.

केराबाई त्या वेळी बाळासाठी शेळीचं दूध घालायची. ही सांगोल्याकडची. नवरा मायाप्पा आणि तिचा मेंढरांचा वाडा वर्षातले काही महिने सोलापूरच्या माळावर यायचा, मग भीमेकडं सरकायचा. ओसरीवर तांब्या ठेवून ती एकदा बाळाकडं बराच वेळ बघत राहिली.

"मला द्या ही," ती म्हणाली.

प्रभानं पोर छातीशी धरली. यशोदाबाईंना मात्र चाल समजली. ज्यांची मुलं जगत नाहीत, ते आपलं मूल मूठभर कोंड्यावर दुसऱ्याला विकतात. मग मूल परक्याचं होतं, आणि घरावर डोळा ठेवून बसलेलं जे काही असतं ते चुकतं. सांभाळायचं आपणच. नाव तेवढं विकत घेणाऱ्याचं.

प्रभानं रडत पोर सुपात ठेवली. केराबाईनं ओंजळभर कोंडा तिच्या पदरात टाकला, सूप उचललं, अंगणभर फिरवलं आणि परत प्रभाच्या मांडीवर ठेवलं.

"आता ही माजी. तुमी निसत्या सांबाळनाऱ्या. माज्या लेकीचं नाव मी ठिवनार."

"ठेव की," यशोदाबाई म्हणाल्या. "काय, शेळीचं ठेवतेस का मेंढीचं?"

"टिटवी."

दारातून बघणाऱ्या गोजाबाईनं तोंडावर हात घेतला. टिटवी घरावरून ओरडत गेली तरी लोक देवापुढं दिवा लावतात, घरात कुणी आजारी असलं तर त्याच्या उशाशी जाऊन बसतात. ते नाव पोरीला?

"आगं बया, पाखरानं दोन नेल्या, आन् तू परत पाखरूच आणलंस!"

"ती वरची पाखरं," केराबाई म्हणाली. "वरचं पाखरू उडतंय. टिटवी कवा झाडावर बसल्याली बगितली का? ती भुईवर ऱ्हाती, भुईवरच अंडी घालती, खड्यांत. घरटं बी करत न्हाय. कुत्रं येऊ द्या, मेंढरू येऊ द्या, जागा सोडत न्हाय. निजती बी उतानी, पाय वर करून. का? तर आबाळ पडलं तर पोरांवर पडू ने, पायावर झेलावं. आसल्या पाखराचं नाव हाय ह्ये. भुईला धरून ऱ्हाईल पोर."

नारायण कचेरीतून आल्यावर जरा गुरगुरला. मग संस्कृतात तिला टिट्टिभी म्हणतात, हे आठवून त्याचं समाधान झालं. त्याचं समाधान नेहमीच स्वस्तात व्हायचं.

जाताना केराबाईनं अट घातली. रोज दिवेलागणीला उंबऱ्यात उभं राहायचं, माळाकडं तोंड करायचं आणि पोरीला नावानं मोठ्यानं हाक मारायची. एक सांजसुद्धा चुकवायची नाही.

"तिन्हीसांजेला कुणाचं नाव घेऊन हाक मारू नये म्हणतात," यशोदाबाईंनी टोकलं.

"आपल्यांला नसंल मारत. माळावरच्या पाखरास्नी कळाया पायजे की, ह्ये पोर त्यांचंच हाय."

पटण्यासारखं होतं. यशोदाबाईंना पटलं, आणि तिथंच त्यांचं गणित चुकलं.

पोर जगली. उलट्या थांबल्या, दात आले, चालायला लागली. प्रभानं अट जिवापाड पाळली. गिरणीचा भोंगा होऊन गेला, की ती देवापाशी दिवा लावायची, उंबऱ्यात यायची आणि माळाकडं तोंड करून हाक मारायची, "टिटवेऽऽ!" आतून पोर म्हणायची, "ओऽ!" माळावरून टिटव्याही ओरडायच्या. नारायण हसून म्हणायचा, "बघ, माहेरची माणसं बोलावतात तुला."

पोर बोलायला लागली तेव्हा यशोदाबाईंच्या कानाला काहीतरी खटकलं. ती 'इथं' म्हणत नसे, 'हितं' म्हणे. 'नाही' म्हणत नसे, 'न्हाय' म्हणे. केराबाईकडून उचललं असेल, असं नारायण म्हणाला. पण केराबाई पावसाळ्यापासून भीमेकडं गेलेली. पोर निजायची तीही उताणी, दोन्ही पाय भिंतीवर टेकवून. पाय खाली घेतले की झोपेत परत वर जायचे. हे कुणीतरी तिच्यापुढं बोललं असेल, मुलं नक्कल करतात, यशोदाबाईंनी मनाशी जमवून घेतलं. पण सगळं जमवूनही काहीतरी उरायचंच.

एकदा पोर गजगे खेळता खेळता म्हणाली, "आत्या, आई हाक मारते ना, तेव्हा ती आधी ओ देते. मग मी देते."

"ती म्हणजे टिटवी पाखरू का गं?"

"पाखरू न्हाय. टिटवी."

त्या दिवसापासून यशोदाबाई दिवेलागणीला कान देऊन बसू लागल्या. हाकेमागून 'ओ' येई. कधी एक, कधी एकात एक मिसळल्यासारखा. आधी तो लांबून यायचा, माळावरून. पाखराचा म्हणून सोडून देता येई. मग बाभळीच्या कुंपणापासून आला. मग आडापासून. गोजाबाईच्या पोरांपैकी कुणी चेष्टा करतंय म्हणून यशोदाबाई एकदा काठी घेऊन आडामागं जाऊन बसल्या. तिथं कुणी नव्हतं. ओ मात्र त्यांच्या पाठीमागं, घराच्या पायरीजवळून आला.

त्या वर्षी दिवाळीनंतर पोर वाळायला लागली. ताप येई, जाई. डॉक्टरचं मिक्श्चर झालं, अंगारा झाला. ती चिडचिड करत नसे, काही मागत नसे. फक्त अंथरुणाच्या कडेला सरकून झोपे, मधे जागा सोडून.

"मधे नीज ना गं," यशोदाबाई म्हणाल्या.

"ती म्हनती, सरक. ती म्हनती, तू लई दिस निजलीस हितं, आता तू भाईर जा, मी निजते."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हनलं, बरं."

दुसऱ्या दिवशी सांजेला त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडावर हलकेच हात ठेवला. पोर तापानं गुंगलेली, ओठसुद्धा हलत नव्हते. बाहेर भोंगा झाला. प्रभा उंबऱ्यात गेली. "टिटवेऽऽ!"

"ओऽ!"

स्वच्छ, लहान मुलीचा आवाज. अगदी पायरीवरून. प्रभा हसऱ्या तोंडानं आत वळली. "आज आवाजात जोर आहे हो, वन्सं. उतरतोय ताप."

यशोदाबाईंनी पोरीच्या तोंडावरचा हात काढला नाही. तळव्याला तिचा श्वास लागत होता.

केराबाईचा वाडा चार दिवसांपूर्वीच होटगीच्या वाटेवर उतरला होता. सकाळी देवपूजा उरकून यशोदाबाई निघाल्या. माळावर मेंढरं पांगलेली. पालाच्या सावलीत केराबाई लोकर कातत बसली होती.

"या बाई. पोरगी कशी हाय?"

"कुठली?"

केराबाईची चाती थांबली.

"सरळ विचारते," यशोदाबाई म्हणाल्या. "आमच्या आधीची टिटवी कोण?"

मग केराबाईनं लोकर बाजूला ठेवली.

"माजी. ह्याच माळावर जलमली. शेजारी टिटवीची अंडी व्हती, ती पाखरं माज्या डोक्यावर घिरट्या घालून वरडत व्हती. मायाप्पा म्हनला, ह्याच नावानं हाक मारू. पायांवर उबी ऱ्हायली तशी कोकराच्या मागं. एकदा सांज करून कोकरू चुकलं, ती आनाया गेली. मी हाक मारली. ओ म्हनली, जवळनंच. म्हनून मी चूल फुकत बसले. परत हाक मारली. परत ओ. ओ देतीया म्हंजे येतीया की, आसंच वाटलं मला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "अंदार पडला. ओ यायची, बाई. ती यायची न्हाय."

"सापडली नाही?"

"कायबी घावलं न्हाय. पुन्ना माळावर आलो की मी हाका मारायची. वाड्यावरली मानसं भ्याली. मायाप्पानं शपत घातली, मेल्यालीला बोलवू नगं म्हनून. मेली आसती तर ओ दिली आसती व्हय?"

"म्हणून आमच्या दारात ते नाव आणून टाकलंस."

"तुमास्नी उंबरा हाय. आमी आज हितं, उद्या तितं. तिला यायला एक जागा थिर पायजे का न्हाय? आन् तुमी हाक मारनार जीव लावून. भाड्यानं मारल्याली हाक तिला कशी पोचंल?" केराबाईनं डोळे वर केले. "त्यो कोंडा खोटा न्हवता, बाई. तुमची जगावी म्हनूनच घेतली मी. वाटलं, एका हाकंत दोगी बसत्याल."

"नाही बसत. अगं, ती आली! आमच्या पायरीपर्यंत आली. आमच्या पोरीला उठवून तिची जागा मागतेय."

केराबाई आता शरमेल, पाया पडेल, असं यशोदाबाईंनी धरलं होतं. त्यांनी आयुष्यात तोललेल्या सगळ्या माणसांत असंच व्हायचं. पण केराबाईचा चेहरा उजळला. ती उभी राहिली.

"आली? कशी दिसती वो? लई वाळली का?"

"तू चल," यशोदाबाई म्हणाल्या. "हाक मार आणि घेऊन जा."

"माज्या हाकंला न्हाय येत. काल चोरून मारली. तुमच्या घरच्या हाकंची सवं झालीया तिला." केराबाईनं यशोदाबाईंचे हात धरले. विटाळ-चांडाळ दोघींच्याही लक्षात राहिला नाही. "तुमी आना. पालापातुर आना निसती."

घरी येऊन यशोदाबाईंनी प्रभाला सगळं सांगितलं. आदल्या सांजेला पोर कुठं होती आणि तिच्या तोंडावर काय होतं, तेही सांगितलं. हिचं नाव आजच्या आज बदलायचं, असंही म्हणाल्या.

"वन्सं, नाव बदललं आणि ही गेली तर? दोन गेल्यात माझ्या."

"नाव राहिलं तर ही स्वतःच उठून जाणार आहे. बरं म्हणालीय ती."

प्रभा उंबऱ्याकडं बघत राहिली. रोज ज्या आवाजानं तिचा जीव शांत व्हायचा, तो आवाज कुणाचा होता हे तिच्या अंगात हळूहळू भिनत होतं. मग तिनं पोर उचलली आणि यशोदाबाईंच्या मांडीवर ठेवली. "तुम्ही आत्या आहात. तुम्ही ठेवा."

यशोदाबाईंनी पोरीच्या कानाशी तोंड नेलं. काही ठरवून ठेवलं नव्हतं. वरती आढ्याला काड्या अडकल्या होत्या, चिमण्यांनी घरटं घातलं होतं. "चिमा," त्या कानात म्हणाल्या. मग प्रभाकडं बघून, "पाखराचंच आहे. पण घरात राहणारं."

भोंगा झाला. त्या दिवशी प्रभा आत पोरीला कवटाळून बसली आणि उंबऱ्यात यशोदाबाई गेल्या. उंबरा ओलांडून पायरी उतरल्या, माळाकडं तोंड केलं.

"टिटवेऽऽ!"

"ओऽ!" मागून. त्यांच्या टाचांपासून हातभर अंतरावरून.

आतून काही आलं नाही. त्यांनी मागं बघितलं नाही. चालायला लागल्या.

गोजाबाई दारात तांदूळ निवडत होती. "अहो यशोदाबाई, दिवे लागायच्या वेळी कुठं निघालात?"

"लेकीला पोचवायला."

"कुठली लेक?" गोजाबाई हसली. मग तिची नजर यशोदाबाईंच्या मागं, जरा खाली गेली आणि तिनं घाईघाईनं सूप उचलून दार लावून घेतलं.

कुंपणापाशी त्यांनी हाक मारली. ओ. ओढ्याच्या काठी मारली. ओ. वरून टिटव्या घिरट्या घालत होत्या, ओरडत होत्या, पण तो आवाज वेगळा आणि हा वेगळा, हे आता चुकण्यासारखं नव्हतं. माळावरचा उजेड मातकट होत गेला. खड्यांवरून अनवाणी पावलं वाजत होती, एक यशोदाबाईंचं, मग दोन घाईची. मधेच त्यांचा पदर जड झाला. चालताना दमलेली मुलं धरतात, तसा. यशोदाबाईंनी नकळत चाल हळू केली. वाट आणखी थोडी लांब असती तरी चाललं असतं, असं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

वाड्यावरची कुत्री भुंकली नाहीत. शेपट्या पायांत घालून बाजूला झाली. मेंढरांभोवती लावलेल्या जाळ्याशी मायाप्पा उभा होता. केराबाईनं त्याला सांगितलं होतं की नाही, कुणास ठाऊक. त्यानं यशोदाबाईंकडं पाहिलं, मग त्यांच्या पदराकडं पाहिलं, आणि काही न विचारता जाळं एका बाजूनं उचलून धरलं.

यशोदाबाईंचा पदर हलका झाला. आत मेंढरं दाटीवाटीनं बसली होती. ती एकेक करून उठली, सरकली. मधून एक निरुंद वाट पडत गेली, थेट पालापर्यंत, आणि मागून मिटत गेली. केराबाई चुलीपाशी ताट घेऊन बसली होती. भाकरी कुस्करून तिनं त्यावर दूध ओतलं आणि समोरच्या रिकाम्या जागेकडं सरकवलं.

"घावलं का गं कोकरू?" तिनं विचारलं.

त्यापुढचं यशोदाबाईंनी ऐकलं नाही. त्या वळल्या आणि घराकडं चालत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वाडा हलला होता. पुढं कधी तो त्या माळावर उतरला नाही. चिमाचा ताप गेला, ती अंथरुणात मधोमध झोपायला लागली, पाय खाली करून. हाक मारली की "आले गं आत्या" म्हणे, एकाच आवाजात. यशोदाबाईंनी तो आवाज कित्येक दिवस पुन्हा पुन्हा पारखून घेतला. पण केराबाईनं घेतलं जास्त की दिलं जास्त, हे मात्र त्यांना कधी ठरवता आलं नाही. विचारणाऱ्याला त्या म्हणत, त्या बाईचं माझ्याकडं काही लिहिलेलं नाही.

एक खोड मात्र त्यांना तेव्हापासून लागली, ती मरेपर्यंत गेली नाही. कुणी "यशोदाबाई" म्हणून हाक मारली, की त्या लगेच ओ देत नसत. क्षणभर थांबत, आपल्या आधी दुसरं कुणी देतंय का, ते ऐकत.